दार कुठल्या अंगानं उघडायचं

आमच्या ग्रुपचं पहिलं नाटक बसत होतं तेव्हा मी आमचा सेट बांधणाऱ्या सुतार मेस्त्रींना बसवून अर्धा तास नाटक समजावून सांगितलं होतं. मध्यमवर्गीय घर, बाप रिटायर्ड, पोरगा बेकार, घरात घुसमट, आणि ती घुसमट भिंतींवर दिसली पाहिजे वगैरे वगैरे. मेस्त्री तंबाखू मळत शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ते समदं खरं साहेब, पण दार कुठल्या अंगानं उघडायचं? आत का भाईर? ते सांगा आधी. घुसमट मागनं बघू."

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या ग्राउंड प्लॅनवर, म्हणजे सेटच्या वरून काढलेल्या नकाशावर, दार होतं, म्हणजे एका रेघेत अडीच फुटांची मोकळी जागा सोडलेली होती आणि शेजारी 'दार' असं लिहिलं होतं, बास. ते उघडतं कुठे, बिजागऱ्या कुठल्या बाजूला, उघडल्यावर पलीकडचं काय दिसतं याचा विचारच केला नव्हता. स्वतःच्या घरातल्या बाथरूमचं दार आत उघडतं का बाहेर हे डोळे मिटून सांगा म्हटलं तर बरेच जण हात हवेत फिरवून बघतात, मी पण त्यातलाच.

तर ते गणित साधारण असं, की बाजूच्या भिंतीतलं दार शक्यतो विंगेकडे, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला लोकांना न दिसणाऱ्या जागेकडे उघडायचं, रंगमंचावर नाही, आणि बिजागऱ्या मागच्या अंगाला घ्यायच्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला. असं केलं की नट आत येताना पूर्ण दिसतो, तोंड लोकांकडे ठेवूनच त्याला मागच्या हातानं दार ओढून घेता येतं, आणि उघडी फळी स्वतःच आडोसा होते, त्यामुळे विंगेत उभी असलेली माणसं, चहाचे कप, पुढच्या सीनची खुर्ची असलं काही दिसत नाही. हेच दार रंगमंचावर उघडणारं केलं आणि बिजागऱ्या पुढे घेतल्या तर नट फळीमागे झाकला जातो आणि त्याच्या एन्ट्रीची टाळी दाराला मिळते. मुद्दाम उलटं करणारे पण असतात, पण उलटं करायला आधी सुलट माहीत पाहिजे ना.

मी सांगलीचा, बँकेत नोकरी, आणि गेली वीसेक वर्षं हौसेनं नेपथ्य करतो. सांगलीत राहतो म्हटल्यावर नाटकाचं खूळ काही माझं एकट्याचं नव्हे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून ते इथल्या पाण्यातच आहे असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पाणी कृष्णेचं असल्यामुळे ते अधूनमधून घरातही शिरतं, त्याचं पुढे सांगतो.

मेस्त्री दिवसा लोकांच्या घरांची खरी दारं करायचे, सागवानी वगैरे, आणि संध्याकाळी आमची खोटी. त्यांच्या मते खोटं दार जास्त अवघड, कारण खऱ्या दाराला आजूबाजूला भिंत असते. आमची भिंत म्हणजे फ्लॅट. देवदारच्या पट्ट्यांची आठ बाय चार फुटांची चौकट आणि तिच्यावर ताणून ठोकलेलं मांजरपाट. हे मांजरपाट आधी धुवायचं नाही, कोरंच लावायचं, मग सरस वितळवून त्यात खडूची पावडर कालवून त्याचा एक हात द्यायचा, वाळताना कापड आक्रसतं आणि डफासारखं ताठ होतं, टिचकी मारली की वाजतं. सरस थेट आचेवर ठेवला तर करपतो, म्हणून डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद गॅसवर वितळवायचा, आणि त्याचा वास असा काही सुटतो की पहिल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू माळ्यावर उंदीर मेलाय का बघायला बॅटरी घेऊन आल्या होत्या. आता सगळे फेविकॉल आणि प्लायवूडवर गेलेत, मी पण गेलोय, पण प्लायवूड जड. कापडाचा फ्लॅट कॉलेजातली पोरगी एका हातात उचलून चालायला लागते.

हलकेपणाची किंमत दाराशी मोजावी लागते. कापडी भिंतीत दार बसवलं आणि नटानं ते जरा जोरात लावलं की अख्खं घर थरथरतं, भिंतीवरचे आजोबा फोटोसकट मान हलवतात, आणि गंभीर सीनमध्ये पोरं खिदळतात. म्हणून दाराच्या चौकटीला मागून तिरके टेकू द्यायचे आणि टेकूच्या पायाशी वाळूची पोती टाकायची. तरी नटांना सांगावं लागतंच, की बाबांनो दार लावा, आपटू नका. इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस' नाटकातल्या नोरानं १८७९ साली घर सोडताना दार लावून घेतलं त्याचा आवाज अजून जगभर घुमतोय म्हणतात. आमच्या सेटवर आवाज नसता झाला, भिंत आली असती.

एक फ्लॅट दुसऱ्याला जोडायला पिनवाली बिजागरी असते. अर्धी बिजागरी या फ्लॅटवर, अर्धी त्या फ्लॅटवर, दोन्ही एकमेकांत अडकवल्या आणि वरून पिन सोडली की भिंत उभी, पिन उपसली की भिंत मोकळी. स्पर्धेत सेट लावायला वेळ मोजून मिळतो, तिथे कोण खिळे ठोकत बसणार. आमच्या सेटला अशा चोवीस पिना लागायच्या आणि त्या सगळ्या श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात असायच्या, तो डबा मेस्त्रींच्या ताब्यात. प्रयोग संपला की नट हार-तुरे घेत असायचे आणि मेस्त्री पाठमोरे बसून पिना मोजत असायचे. एखादी कमी भरली तर सायकलचा स्पोक कापून तेवढ्यापुरती लावायची, पण स्पोक वाकतो, म्हणून हरवलेली पिन सापडेपर्यंत मेस्त्री कोणाला जेवायला सोडायचे नाहीत.

रंगाचं पण सांगायला पाहिजे, कारण रंगात मी सगळ्यात जास्त फसलो. पहिल्या सेटला मी मध्यमवर्गीय घर म्हणून भिंती छान पांढऱ्या मारल्या. लाईट लागल्यावर त्या भिंती अशा पेटल्या की पुढे उभ्या असलेल्या नटांची तोंडं काळी ठिक्कर दिसायला लागली. स्टेजवर पांढरा हा पांढरा नसतो, त्यात थोडा पिवळा, थोडी राख, आमच्याकडे तर चहाचं उरलेलं पाणीसुद्धा मिसळतात, तेव्हा कुठे तो लांबून साधा पांढरा दिसतो. आणि एकसारखा रंग मारून उपयोग नाही, जुन्या सुती साडीचा बोळा करून, रंगात बुडवून, पिळून, त्यानं ठिपकत जायचं, एक हात फिकट, एक हात गडद, मग भिंतीला वय येतं. स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग काढायचे. खुर्चीची पाठ जिथे टेकते तिथे भिंत तुळतुळीत करायची. हे डाग पाचव्या रांगेच्या मागे कोणाला दिसत नाहीत, पण नटाला दिसतात, आणि आमची एक ज्येष्ठ कलाकार मला म्हणाली होती की तो स्विचचा डाग बघितला की मला घरी आल्यासारखं वाटतं. तिचं काम त्या वर्षी बरं झालं होतं, त्याचं श्रेय मी मनातल्या मनात डागाला दिलं.

'नेपथ्य' हा शब्द पण मजेशीर आहे. संस्कृतात त्याचा अर्थ वेशभूषा, आणि जिथे नट नटतात ती पडद्यामागची जागा. जुन्या नाटकांत 'नेपथ्ये' असं लिहिलेलं असतं ते पडद्यामागून आलेल्या आवाजासाठी. म्हणजे जे दिसत नाही ते नेपथ्य. आपण मराठीत तोच शब्द उचलून जे सगळ्यात आधी दिसतं त्याला लावला. मला स्वतःला जुना अर्थ पण पटतो, कारण माझा निम्मा वेळ लोकांना काय दिसू नये हे बघण्यातच जातो. रिकाम्या थिएटरात पहिल्या रांगेतल्या अगदी कोपऱ्याच्या खुर्चीला सुतळी बांधायची, दुसरं टोक सेटच्या कडेपर्यंत ताणायचं आणि बघायचं की या खुर्चीतल्या माणसाला विंगेतलं किती दिसणार. त्या खुर्चीत नेमके परीक्षकांचे ड्रायव्हर नाहीतर दिग्दर्शकाची सासू बसते हा माझा अनुभव आहे.

संगीत नाटकाच्या काळात हा दाराचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पडदे. रस्त्याचा पडदा, महालाचा, बागेचा, जंगलाचा, आणि कंपनीजवळ ते पडदे किती आणि कोणी रंगवलेले यावर कंपनीची पत. त्यात एक हुशारी होती, पुढे रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यासमोर दोन पात्रांचा छोटा प्रवेश करायचा आणि तेवढ्यात मागे महाल मांडून घ्यायचा. नाटककार पण मग त्या हिशेबानं लिहायचे, आपल्याला वाटतं विनोदी नोकर लेखकाला सुचला, बऱ्याचदा तो मागच्या सिंहासनाच्या सोयीसाठी आलेला असणार. पात्रं यायची ती विंगांच्या मधून, कुठूनही, कुठेही. दार लागायचं नाही, राजाला काय, कुठूनही आला तरी राजाच.

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले दोघे भाऊ असे पडदे रंगवण्यात नावाजलेले. गंमत म्हणजे याच बाबूरावांनी पुढे सिनेमा काढल्यावर रंगवलेले पडदे बाजूला ठेवून खरे, चहूबाजूंनी घडवलेले सेट उभे केले. आयुष्याची सुरुवात ज्याच्यावर केली त्यालाच हात जोडून निरोप द्यायचा, हे कसब वेगळंच. नाटकात ते जरा उशिरा झालं. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं तेव्हा तीन भिंतींची खोली, खरं फर्निचर असा बॉक्स सेट आला. इतिहासाच्या पुस्तकात याला वास्तववाद वगैरे म्हणतात. मी मेस्त्रींचा चेला असल्यामुळे मला त्यात एवढंच दिसतं की त्या दिवशी मराठी रंगभूमीवर दाराला काम मिळालं. खोली आली की आत यायला दार आलं, आणि दार आलं की कोण येणार, कधी येणार, टकटक करणार का तसाच घुसणार हे सगळं मागोमाग आलं.

आणि मग १९७२ ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आलं आणि त्यात भिंतच माणसांची. ब्राह्मणांची रांग उभी राहते, पाठ फिरवली की भिंत, तोंड केलं की माणसं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्षरशः चिडलो होतो, कारण ना फ्लॅट, ना पिना, ना टेम्पोचं भाडं, आणि तरी असा सेट मला जन्मात सुचला नसता. तळकोकणात दशावतारवाले तर कित्येक पिढ्या एका लाकडी बाकावर सगळं भागवतात, तोच बाक सिंहासन, तोच रथ. हे सगळं माहीत असून आपण आठ बाय चारचे वीस फ्लॅट टेम्पोत घालून गावोगाव का फिरतो, असा प्रश्न मला दरवर्षी नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर पडतो आणि डिसेंबरात विसरायला होतो.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायला खरं तर लाज वाटते.

आम्ही 'शांतता! कोर्ट चालू आहे' करायला घेतलं. रंगायन या नाट्यसंस्थेनं १९६७ ला केलेलं, तेंडुलकरांचं. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत असेल, त्या नाटकात दार म्हणजे जवळजवळ एक पात्रच आहे. सुरुवातीलाच कडीत नायिकेचं, बेणारेबाईंचं बोट चेमटतं, आणि या दाराची कडी नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो हे आपल्याला तिथेच सहज बोलता बोलता सांगून ठेवलेलं असतं. पुढे बाकीचे खेळ म्हणून तिच्यावर खटला चालवतात, त्यातून सुटून जायला बेणारे दाराकडे धावते आणि दार उघडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला असं दार करायचं होतं जे उघडलं तर बोंब.

मी आणि मेस्त्रींनी त्या दारावर आठ दिवस घालवले. जाड चौकट, दोन्ही बाजूंना टेकू, बाहेरून लोखंडी कडी, शिवाय खबरदारी म्हणून बॅकस्टेजच्या एका पोराला सांगितलं होतं की त्या सीनला तू मागून दाराला पाठ लावून उभा राहायचं. प्रयोग बाहेरगावी होता. टेम्पो उशिरा पोचला, दारामागे आडोशाला लावायचा फ्लॅट गडबडीत लावायचाच राहिला, म्हटलं दार उघडणारच नाहीये तर आडोसा कशाला.

सीन आला. बेणारे उठली, धावली, दाराला हात घातला आणि जीव खाऊन ढकललं. कडीचे स्क्रू देवदारच्या मऊ लाकडात बसवलेले, ते दोन प्रयोगांत ढिले झाले होते, कडी निघाली आणि दार सताड उघडलं. समोर विंग. पिवळा बल्ब, पाण्याची बादली, आणि बादलीवर बसून वडापाव खात असलेला आमचा पोरगा, घास तोंडातच राहिलेला.

मी लाईटवाल्याच्या शेजारी उभा होतो. किती वेळ गेला माहीत नाही, तीन-चार सेकंद असतील, पण त्या वेळात माझं घर, नोकरी, सगळं डोळ्यापुढून गेलं. बेणारे उघड्या दारात उभी. सगळं प्रेक्षागृह चिडीचूप. आणि मग तिनं काय केलं, तर हळूच हात पुढे केला, फळी धरली, दार स्वतःच ओढून घेतलं, आणि त्याला पाठ लावून वळली. पुढचं नाटक तसंच पुढे झालं.

नंतर दिग्दर्शक माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, ते बरोबरच होतं. बक्षीस वगैरे सोडाच. पण सेट उतरवत असताना एक म्हातारे गृहस्थ, धोतर, काखेत छत्री, रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबले होते. मला वाटलं आता हे पण झापणार. ते म्हणाले, "दार उघडं होतं की हो. मग ती बाई गेली का नाही?" मी म्हटलं काका, ती आमची चूक झाली, दार उघडायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी चुकीचं बोललोय, आणि पुन्हा म्हणाले, "नाही, पण गेली का नाही?" आणि गेले.

त्या पोराला मेस्त्रींनी वडापावासकट शिव्या घातल्या, आणि टेम्पोत घरी येताना सगळ्यांच्या आधी त्यालाच जागा करून दिली.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आमचे सगळे फ्लॅट एका मित्राच्या तळमजल्याच्या खोलीत होते. पाणी उतरल्यावर गेलो तर मांजरपाट सुटून लोंबत होतं, सरस पुन्हा विरघळून त्याचा तोच वास सुटला होता, आणि पंधरा वर्षांचे रंग थरावर थर फुगून बाहेर आले होते. म्हणजे वर शेवटच्या नाटकाची राखाडी भिंत, तिच्याखाली 'शांतता'ची पिवळट, त्याखाली कुठल्यातरी ऐतिहासिक एकांकिकेचे दगड, आणि सगळ्यात खाली माझी ती पहिली, पेटणारी पांढरी. चिखलात उभं राहून मी ते सोलत बसलो होतो, कांद्यासारखं. मेस्त्री चौकटी तपासत होते, म्हणाले लाकूड चाललंय, कापड नवीन घालू. पण नंतर ते काही झालं नाही.

आता जमाना बदललाय हे मला कळतं. व्यावसायिकवाल्यांचं तर गणितच वेगळं, एकाच थिएटरात दुपारी एक नाटक, रात्री दुसरं, त्यामुळे झटपट लागणारा, झटपट उतरणारा आणि एका गाडीत मावणारा सेटच परवडतो. परत प्रत्येक थिएटरचं माप वेगळं, पुण्यात ऐसपैस बसलेलं घर तालुक्याच्या गावी आखडून बसवायचं. एवढं सांभाळून नेपथ्यकार प्रदीप मुळ्ये वगैरे मंडळी जे करतात ते बघताना मी गोष्ट विसरून सेटच बघत बसतो, बायको म्हणते तू नाटकाला येऊ नकोस, गोडाऊनला जात जा. हल्ली मागे एलईडी स्क्रीन लावून त्यावर पाऊस, समुद्र, काय वाट्टेल ते दाखवतात. दिसतं चांगलं, मी नाक मुरडणार नाही, थोडंच मुरडतो. परवा एका नाटकात स्क्रीनवर सुंदर वाडा होता, कोरीव दार होतं, आणि नट आला विंगेतून. तेव्हा माझ्या शेजारी मेस्त्री असते तर बरं झालं असतं.

त्यांनी आता काम थांबवलंय, गुडघे गेलेत. श्रीखंडाचा डबा माझ्याकडे आहे, त्यात तेवीस पिना आहेत. चोविसावी कुठे गेली ते आम्हा दोघांना माहीत आहे, २०१७ ला कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग होता, शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, १९१५ चं, तिथे आपलं दार उभं राहतंय म्हणून आम्ही सगळे सकाळपासून हवेत होतो. रात्री सेट उतरवताना पिन पडली, वाजल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला, पण सापडेना. मोबाईलच्या बॅटरीत गुडघ्यावर बसून अख्खं स्टेज चाचपलं, विंगा बघितल्या, पोतं उलटं केलं. शेवटी लाईट बंद करणारा माणूस कंटाळून म्हणाला, राहू द्या हो, सकाळी झाडताना मिळंल. मेस्त्री उठायला तयार नव्हते. मीच त्यांना हाताला धरून टेम्पोत बसवलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या थिएटरला आग लागली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ यायला लागले, छपरातून ज्वाळा, लोक रस्त्यावर उभे, काही जण रडत होते. रंगमंच गेला. मी फोन हातात घेऊन नुसता बसलो होतो, कोणाला काय बोलायचं कळत नव्हतं, तेवढ्यात मेस्त्रींचाच फोन आला. बराच वेळ ते पण काही बोलले नाहीत, मागे त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाले, "साहेब, आपली एक पिन हुती तिथं."